लाँड्रीच्या परसातली तुती

कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या माणसाने परसात कुठलं झाड लावू नये, असं विचारलं तर कुणीही एका दमात सांगेल, तुतीचं. पांढऱ्या चादरी जिथे दिवसभर दोरीवर वाळतात तिथे बोट लावताच फुटणारी काळीजांभळी फळं वरून टपटपणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण या घराने नेमकी तुतीच लावली होती. लावली ती थोरलीच्या सासूने. रोपं विकणाऱ्याने छातीला हात लावून सांगितलं होतं, बाई, ही पांढरी तुती, फळाला रंग नाही की डाग नाही. सासूने विश्वास ठेवला. खड्डा खणला, विसळणीचं पाणी घालून झाड वाढवलं. पहिला बहर आला तेव्हा फळं आधी हिरवी झाली, मग फिकी, मग लाल आणि मग काळीकुट्ट. सगळी गल्ली पोट धरून हसली. सासरे कुऱ्हाड घेऊन आले. सासू झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "लावलं ते लावलं. फसले ती मी. झाडाने कुणाला फसवलंय? हात लावून दाखवा."

कुणी लावला नाही.

थोरली तेव्हा या घरात नुकती सून होऊन आली होती. धाकट्या जावा पुढे वेगळ्या झाल्या, सासूसासरे गेले, नवराही गेला, पण थोरली हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. शाळेत ती फार दिवस टिकली नव्हती. सही करताना जीभ बाहेर काढायची. बोलताना मात्र त्या जिभेला कधी लगाम नव्हता. सासूचा तो आवाज तिने उचलला, आणि सासूचा एक नियमही. आपल्या परसात डाग पडला तर तो कपडा आपला. गिऱ्हाइकाला नवा घेऊन द्यायचा, वर तोंड करून सबबी सांगायच्या नाहीत. गंज, शाई, रक्त, चहा, थोरली सगळं काढायची, पण तुतीची तेवढी एक फिकी जांभळी सावली मागे उरायचीच. त्यामुळे या घरात विकतची चादर कुणी पाहिलीच नव्हती. अंथरुणं हॉटेलांची, उशांचे अभ्रे वसतिगृहाचे, खिडकीचे पडदे म्हणजे कुठल्याशा मंगल कार्यालयाची टेबलावरची कापडं, आणि सगळ्यांवर जांभळे ठिपके. थोरलीची सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, काय सुरेख नक्षी आहे. तिसऱ्या दिवशी तिला कळलं नक्षी कुठून येते ते.

त्या थंडीत थोरलीच्या मुलाने नवं गिऱ्हाईक आणलं. मोठा दवाखाना. डॉक्टरांचे कोट, नर्सांचे गणवेश, पलंगांच्या चादरी, गाठोड्यांवर गाठोडी. धंदा हातात आल्यापासून मुलगा दुकानात खुर्ची टाकून बसायचा आणि थोरली त्याला मालक म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

दवाखान्याचा मॅनेजर जागा बघायला आला. हौद बघितला, यंत्र बघितलं, इस्त्रीच्या टेबलावर बोट फिरवून धूळ आहे का तेही बघितलं. मग परसात आला. झाड तेव्हा निष्पर्ण होतं, काड्यांचा भारा उभा केल्यासारखं.

"हे कसलं झाड?"

मुलगा म्हणाला, "जुनं आहे. काढायचंच आहे आम्हाला."

थोरली दोरीवरचे चिमटे काढत होती. तिचा हात थांबला. "कुणाला काढायचंय?"

"आई, मग बोलू."

"मग कशाला? साहेबांसमोरच बोल की. कुणाला काढायचंय?"

मॅनेजर घसा साफ करून म्हणाला, "आजी, तुती असेल तर बहराच्या आत जायला हवी. आमचं सगळं काम पांढऱ्यातलं. एक डाग दिसला तर वरून मला विचारणा होते."

तो गेल्यावर मायलेकांची जुंपली. सून इस्त्री बंद करून दारात उभी राहिली. असा सामना रोज बघायला मिळत नव्हता.

"अख्खं वर्ष त्या झाडाची उष्टी काढायची आपण? जग पुढे गेलं, आई."

"जाऊ दे की. मी अडवलंय?"

"मी शब्द दिलाय त्याला."

"माझं झाड, शब्द तुझा! वा रे मालक!" थोरलीने चिमट्यांची टोपली जमिनीवर आदळली. "ऐक. हा एक बहर जाऊ दे. या झाडाने दवाखान्याच्या एका जरी कपड्यावर डाग पाडला, तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देईन. नाही पाडला, तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. तू नाही, तुझ्या मॅनेजरने नाही."

मुलाला हा सौदा फायद्याचा वाटला. एवढ्या मोठ्या झाडाखाली एकही डाग नाही? लहान मूलही पैज लावणार नाही. "चालेल," तो म्हणाला. "आणि मीही सांगून ठेवतो, त्या झाडाचं एक फळ यापुढे मी तोंडात घालणार नाही."

"नको घालू. तेवढंच पाखरांना."

सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही भलताच शब्द देऊन बसलात."

"दिलाय ना? मग आता बघ," थोरली म्हणाली. पण संध्याकाळी ती झाडाखाली एकटीच जाऊन उभी राहिली, खोडावर तळवा टेकवून. साल गार होती. "माझी लाज राख गं," असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. थोरली म्हणाली, "नीट वाग. नाहीतर दोघींचंही काही खरं नाही."

थंडी ओसरली आणि काड्यांना डोळे फुटले. मग एका आठवड्यात झाड असं काही हिरवं झालं की स्वयंपाकघरातला उजेडसुद्धा हिरवट दिसायला लागला. पानांबरोबरच फळांचे केसाळ, कोवळे घोस बाहेर पडले. दरवर्षी या दिवसांत थोरली पायरीवर चहा घेऊन निवांत बसायची. यंदा तिने चहा उभ्यानेच प्यायला आणि कामाला लागली.

परसातल्या सगळ्या दोऱ्या तिने सोडवल्या आणि गच्चीवर बांधल्या. आता ओल्या कपड्यांच्या जड बादल्या जिना चढून न्यायच्या. गुडघे कुरकुरले तर त्यांनाही दोन शब्द ऐकवले. मुलाने मदतीला हात पुढे केला तेव्हा म्हणाली, "राहू दे. उद्या म्हणशील, माझ्यामुळे जिंकलीस."

गच्चीवर फळं गळणार नव्हती, पण पाखरं होती. तुती खाऊन ती वरून उडणार आणि जाता जाता काय टाकणार हे धुणाऱ्या बाईला सांगायला नको. मग तिने कपाट उघडलं आणि सासूच्या काळापासून साठलेल्या सगळ्या डागाळलेल्या चादरी बाहेर काढल्या. त्या एकमेकींना शिवून गच्चीवर दोऱ्यांच्या वर छत बांधलं. खाली डॉक्टरांचे पांढरेशुभ्र कोट, वर जुन्या चादरींचं ठिपक्याठिपक्यांचं आभाळ.

पलीकडची शिंपीण कठड्यावर वाकून म्हणाली, "काय गं थोरले, सर्कस आली का तुझ्याकडे?"

"आली ना. अस्वलाची जागा रिकामी आहे, येतेस?"

शिंपीण हसली आणि शिवायला सुई-दोरा घेऊन खरंच आली.

फळं पिकू लागली तशी थोरली तांबडं फुटताच उठायची. झाडाखाली चादर अंथरायची, आकड्याची काठी घेऊन फांदीन् फांदी हलवायची. पिकलेली तुती देठ सोडायला उतावीळच असते. सर पडावी तशी फळं चादरीवर पडायची. सून टोपलीत भरायची. बोटं, ओठ, हनुवटी, सगळं जांभळं. पहिली मूठ थोरली तिथेच उभ्याने खायची, डोळे मिटून. आधी आंबट, मग गोड, मग नुसतं गोड. "ही चव घे," ती सुनेला सांगायची, "अन् मग सांग, कापायचं का."

"मी कधी म्हटलं कापायचं?"

"नाही म्हणालीस. पण कापू नका असंही नाही म्हणालीस. मूग गिळून बसणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते."

सुनेने फळ तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. मग म्हणाली, "कापू नका."

"हं. आता कशी माणसात आलीस."

घरात शिस्त लष्करासारखी. परसातून आत येणाऱ्याने दाराशी ठेवलेल्या लिंबाच्या फोडीने आणि साबणाने हात धुतल्याशिवाय पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, कारण तिथे इस्त्री आणि घड्या चालायच्या. थोरली स्वतः हात नाकाशी नेऊन वास घ्यायची, नखं बघायची. मुलाची तपासणी तेवढी होत नसे. तो फळ खातच नव्हता. मालकाने शपथ घेतली होती ना.

त्या महिन्यात त्याला हौदाच्या नळाची मात्र फार काळजी लागली होती. संध्याकाळी सगळं आवरलं की म्हणायचा, "नळ गळतोय वाटतं, बघून येतो." हौद परसातच, तुतीच्या पलीकडच्या अंगाला. बराच वेळ नळ बघायचा आणि परत येऊन गपचूप इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालायला बसायचा. थोरली मनात म्हणायची, हा खाली पडलेली फळं मोजतोय, मला पकडायला. बघ बाबा, बघ. चादरीबाहेर एक फळ सापडणार नाही तुला.

शेजारीपाजारी टोपल्या गेल्या. उरलेली फळं साखरेच्या पाकात शिजली, बरण्या भरल्या, खिडकीत ओळीने उभ्या राहिल्या आणि ऊन पडलं की मागच्या भिंतीवर जांभळा उजेड पडायचा. गाठोडी जात होती, येत होती. कपडा न् कपडा पांढरा. बहर उतरणीला लागला. थोरलीने शिंपिणीला सांगूनही टाकलं, "जिंकले बघ."

आणि मॅनेजर आला. हातात एक कोट.

"आजी, हे बघा."

मुख्य डॉक्टरांचा कोट होता. कॉलरच्या खाली, दर्शनी बाजूला, जांभळा डाग.

मुलाने कोट हातात घेतला, पाहिला आणि लगेच खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता, "बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं."

"मी झाडं तोडणाऱ्याला निरोप देतो."

"दे."

सुनेच्या डोळ्यांत पाणी तरळलं. थोरली डागाकडेच बघत होती. कुठून आला हा? छत फाटलं का? वाऱ्याने रस लागलेलं पान आलं का उडून? तिने कोट उचलला आणि उजेडात, दारापाशी नेला. डोळे बारीक केले. मुलगा तोवर फोनवर कुणाशी तरी बोलून मोकळाही झाला होता.

तुतीचं फळ कापडावर पडलं की डाग फुटतो, कडेने शिंतोडे उडतात. पाखराचा डाग ओघळतो. आयुष्यभर हेच तर बघत आली होती ती. हा डाग ना फुटलेला, ना ओघळलेला. लांबट गोल, आणि त्यात बारीक बारीक रेघा, एकात एक वळलेल्या. मधोमध एक आडवी पांढरी चीर.

घडी घालताना कोट जिथे धरतात, नेमका तिथे.

ती चीर तिच्या ओळखीची होती. मुलगा लहान असताना तापल्या इस्त्रीच्या कडेला अंगठा लावून बसला होता. तीन रात्री मांडीवर घेऊन बसली होती ती त्याला, अंगठ्यावर फुंकर घालत.

तिने वर पाहिलं. मुलगा उभा होता, दोन्ही हात खिशात.

"आजी?" मॅनेजर म्हणाला. "काय ठरलं?"

थोरलीने कोट घडी घालून काखेत मारला. "डाग आमच्या घरातला आहे. हा कोट आता आमचा. उद्या तुम्हाला नवा मिळेल, खळ देऊन, इस्त्री करून."

"ते ठीक आहे. पण झाड?"

"झाड राहील."

"आई!" मुलगा ओरडला.

मॅनेजरने आधी मुलाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "यांनी शब्द दिला होता. तुम्हीही दिला होता असं हे म्हणाले."

"दिला होता, आणि तो मी मोडलेला नाही. कसा, ते घरातलं आहे. घरातलं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही."

"मग मला गाठोडी उचलावी लागतील."

"उचला."

"सगळी."

"उचला म्हटलं ना, साहेब. धुतलेली त्या बाजूला, न धुतलेली या बाजूला. सरमिसळ करू नका, पुढच्याला त्रास होईल."

गाडी भरून गेली. पुढची खोली उघडीबोडकी दिसायला लागली. मुलगा खुर्चीत बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. "काय केलंस तू! एका झाडापायी एवढं मोठं काम घालवलंस. एका झाडापायी!"

थोरलीने कोट टेबलावर पसरला. "हात काढ खिशातून."

"कशाला?"

"काढ म्हणते ना."

तो काढेना. सून पुढे आली. तिने कोटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कोटाकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "अगंबाई! म्हणून नळ गळत होता होय!"

"मालक," थोरली म्हणाली, "तुतीच्या झाडाला अंगठा असतो का हो?"

मुलाचे कान लाल झाले. अख्खी मिशी थरथरली. "एखाददुसरी खाल्ली असेन."

"महिनाभर?"

"काळी झाली की राहवत नाही, आई." त्याचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "हौदामागची फांदी गोड आहे."

"सगळ्यात गोड तीच आहे. मला माहीत नाही?"

"आणि हात धुवायला गेलो असतो तर तुम्हाला कळलं असतं."

सून हसत सुटली, हसता हसता खाली बसली. थोरली हसली नाही. मुलगा मान खाली घालून अंगठ्याकडे बघत होता. नखाच्या कडेला अजून जांभळी रेघ होती.

"त्याच्यासमोर का नाही बोललीस?" तो म्हणाला. "माझी चूक आहे म्हणाली असतीस तर काम राहिलं असतं. पैजही जिंकली असतीस."

"तुझा अंगठा धरून मी त्याच्या पुढ्यात नाचवू? बघा साहेब, माझा लेक चोरून फळं खातो आणि झाडावर आळ घेतो?" थोरलीची मान ताठ झाली. "काम गेलं तर दुसरं येईल. परक्याच्या डोळ्यांदेखत तुझी मान खाली घालायला लावणारी आई तुला दुसरी शोधावी लागली असती. मला नाही जमायचं ते. आणि जिंकले तर मी आहेच. त्याला कुणाचा शिक्का लागत नाही."

तेवढ्यात दारात माणूस उभा राहिला. खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला दोरखंड.

"झाड कुठाय?" त्याने विचारलं.

थोरली जागची हलली नाही, सुनेनेही मान वळवली. दोघी बायका आता त्याला काही सांगणार नाहीत, हे मुलाला दिसलं. तो उठला. माणसाला मागच्या दारापर्यंत घेऊन गेला, पण दार त्याने उघडलं नाही. कडीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिला.

"झाड आहे, पण तोडायचं नाही," तो म्हणाला.

"निरोप तर तोडायचा होता."

"निरोप चुकीचा होता. मीच दिला होता."

"मग मी एवढ्या लांब आलो कशाला?"

"थांबा," मुलगा म्हणाला आणि आतून भरलेली टोपली घेऊन आला. त्या माणसाने एक फळ खाल्लं, दुसरं खाल्लं, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसून टोपली अर्धी केली. जाताना म्हणाला, "थंडीत फांद्या छाटायला सांगा. फार वर गेलंय. पुढच्या बहराला फळ मोठं येईल."

त्या वर्षी काम कमीच होतं. मॅनेजर फिरकला नाही आणि थोरलीनेही त्याची वाट पाहिली नाही. तिने गच्चीवरचं छत उतरवलं, दोऱ्या परत परसात आणून बांधल्या. भर उन्हाळ्यात जाड पानांच्या सावलीत खाट टाकून ती दुपारभर लोळायची. शिंपीण म्हणाली, "धंदा बसला आणि तू झोपलीस!" "मग काय, तो बसल्यावर मी एकटीनेच उभं राहायचं?" थोरली म्हणाली. पावसाळ्यात पानांवरचं पाणी हौदात गळत राहिलं. मग पानं पिवळी पडली. रोज सकाळी मुलगा कुणी न सांगता ती झाडून काढायला लागला आणि खुर्ची दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडली. थंडी आली तेव्हा तो झाडावर चढला. थोरली खालून काठीने दाखवत होती, ही ठेव, ती काप. हौदामागच्या फांदीपाशी आल्यावर त्याने करवत थांबवून खाली पाहिलं.

"तिला हात लावशील तर बघ," थोरली म्हणाली.

"नाही लावत. विचारत होतो फक्त."

"विचारायचंही नाही."

पुन्हा काड्यांना डोळे फुटले, पुन्हा स्वयंपाकघर हिरवं झालं. फळं खरंच मोठी आली. फळं पिकल्याच्या पहिल्या दिवशी सुनेने चादर अंथरली, मुलगा वर चढून फांद्या हलवायला लागला, आणि थोरली घरातून बाहेर आली ती डॉक्टरचा कोट घालून. बाह्या दुमडलेल्या, बटणं लावलेली, कॉलरखाली तोच अंगठ्याचा ठसा.

कठड्यावरून शिंपीण ओरडली, "अगं बाई, डॉक्टरीण! माझी नाडी बघता का?"

"तुझं दुखणं जिभेचं आहे, त्याला औषध नाही. चल, खाली ये खायला."

फांदीवरून मुलगा म्हणाला, "आई, तो कोट काढ ना आता. लोक बघतात."

"बघू देत." तिने चादरीवरचं सगळ्यात काळं, सगळ्यात फुगलेलं फळ उचललं आणि तोंडात टाकलं. रस ओठांवरून हनुवटीवर आला. दुसरं उचललं, तिसरं उचललं. दोन्ही तळवे जांभळे होईपर्यंत ती थांबली नाही.

मग, लिंबाची फोड हातभर अंतरावर असताना, जन्मभर लोकांचे पांढरे कपडे पांढरे ठेवणाऱ्या त्या बाईने दोन्ही हात कोटाला पुसले. पुढून, छातीवर, सगळ्यांना दिसतील असे.